जांभळी नाक्याचा बाजार: दोनशे रुपये, पाच माणसे आणि दर शनिवारी एक नवा पदार्थ

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, मासुंदा तलाव आणि कौपीनेश्वराचे देऊळ यांच्या लगत पसरलेल्या जांभळी नाक्याच्या बाजाराची ठाणेकरांना ओळख करून देण्याची गरज नाही. भाजी, फळे, फुले, किराणा, मसाले, भांडी आणि पूजेचे साहित्य एकमेकांना खेटून असलेल्या गल्ल्यांमध्ये येथे मिळते, आणि गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, हेही सर्वांना ठाऊक आहे. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहिले आहे. ज्या घरात भाजी-किराण्याचा खर्च महिन्याच्या हिशेबात नीट बसवावा लागतो, आणि तरीही रोज तीच बटाट्याची भाजी आणि तेच वरण ताटात नको असते, त्या घराच्या स्वयंपाकाला हा बाजार किती उपयोगी पडतो? माझे उत्तर असे की ठाण्यात या कामासाठी याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. त्यामागचे मुख्य कारण सर्वांत कमी भाव हे नाही. काही गोष्टी इतरत्र याहून स्वस्त मिळतात. येथे हवी तेवढीच, अगदी मूठभर वस्तूसुद्धा विकत घेता येते, आणि ती कशी शिजवायची हे विकणाऱ्या माणसाला माहीत असते, हे माझ्या लेखी अधिक मोलाचे आहे.

आमच्या घरी शनिवारच्या रात्रीच्या जेवणाचा एक नियम ठरलेला आहे. खर्च दोनशे रुपयांच्या आत, जेवण आम्हा पाच जणांचे, आणि ताटात निदान एक पदार्थ असा हवा की जो आमच्या स्वयंपाकघरात पूर्वी शिजलेला नाही. तेल, मीठ, तिखट, हळद आणि गॅस घरचा धरायचा. बाकीचे सगळे त्या रकमेत बसवायचे. पदार्थ निवडण्याची पाळी आळीपाळीने आई, पत्नी, मुलगी, मुलगा आणि मी अशी फिरते, आणि ज्याची पाळी असेल त्याने बाजारात सोबत यायचे असते. शनिवारी शिजवणे बहुतेक वेळा माझ्याकडे असते. या नियमामुळे आठवड्यातल्या एका जेवणाचा खर्च तर आटोक्यात आलाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शनिवारी शिकलेला पदार्थ आवडला की तो बुधवारी किंवा गुरुवारी पुन्हा होऊ लागला, आणि घरातल्या नेहमीच्या भाज्यांची यादी हळूहळू लांबत गेली.

अशा प्रयोगात अडचण येते ती प्रमाणाची. न खाल्लेली भाजी पहिल्यांदा आणायची तर ती घरात सर्वांना आवडेल याची खात्री नसते, आणि तिच्यासाठी अर्धा किलोचे पाकीट घ्यावे लागले तर नवीन काही करून पाहण्याची हौस तिथेच संपते. घरपोच भाजी पोहोचवणाऱ्या एका सेवेवर मी सुरण शोधला तेव्हा लहानात लहान तुकडा आमच्या गरजेच्या दुप्पट होता, आणि एका चटणीसाठी अंबाडीच्या दोन जुड्या एकत्रच घ्याव्या लागत होत्या. जांभळी नाक्याला सुरण सुरीने कापून वजन करून देतात, लाल भोपळ्याची हवी तेवढी फोड मिळते, आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायका भाजी वाट्याने विकतात. वीस-तीस रुपयांचा वाटा घेतला, घरी शिजवला आणि कोणाला आवडला नाही, तरी कोणाच्या खिशाला चटका बसत नाही. आजवर खाल्लेले नाही ते खाऊन पाहण्याची ही सोय बाजाराने कोणतीही जाहिरात न करता चालवली आहे, आणि साध्या उत्पन्नाच्या कुटुंबाला तिची किंमत फार मोठी आहे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पावसाळ्याच्या तोंडावर. मे महिन्याच्या अखेरीपासून येऊरच्या पाड्यांवरून तसेच शहापूर-मुरबाडच्या बाजूने आदिवासी बायका रानभाज्या घेऊन येतात, आणि त्यांतली पहिली म्हणजे शेवळे. जमिनीतून भाल्यासारखे वर आलेले, जांभळट तपकिरी रंगाचे हे कोंब जुड्या बांधून विकायला ठेवलेले असतात. ठाण्यात चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांमध्ये त्यांचे मोठे कौतुक असते, पण इतर अनेक घरांत, आमच्याही, ती कधी आलेली नव्हती. मुलीची पाळी होती आणि तिने रंगावरून तीच निवडली. जुडी उचलल्याबरोबर विकणाऱ्या मावशींनी पाटीतून आवळ्याएवढी हिरवी गोल फळे काढून पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नका भाऊ, घसा खाजंल." काकड हे रानातल्या एका झाडाचे आंबट फळ. शेवळांत, अळू किंवा सुरणाप्रमाणेच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडाच्या आणि घशाच्या त्वचेला टोचतात आणि खाज सुटते. आंबट पदार्थ आणि भरपूर शिजवणे हे त्यावरचे परंपरेने सिद्ध झालेले उपाय आहेत. काकडे मिळाली नाहीत तर चिंच चालते, पण काकडांची तुरट-आंबट चव चिंचेला येत नाही.

शेवळे निवडण्याचे काम सावकाश करावे लागते आणि ते मावशींनी तिथेच एक शेवळ सोलून दाखवले. हाताला आधी तेल लावायचे. बाहेरचे पापुद्रे एकेक करून उलगडायचे. आत एक दांडा लागतो, त्याच्या खालच्या भागावर पिवळट दाणेदार पट्टा असतो, तो खरवडून टाकून द्यायचा, कारण सर्वांत जास्त खाज तिथे असते. उरलेला कोवळा भाग आणि आतले मऊ पापुद्रे बारीक चिरायचे. काकडे ठेचून, बिया काढून, वाटून त्यांचा रस घ्यायचा. मी चिरलेली शेवळे तेलावर चांगली परतली, काकडांचा रस घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवली, मग भिजवून वाफवलेली चणाडाळ, कांदा, ओले खोबरे आणि थोडा गूळ घातला. काहीजण यात कोळंबी घालतात. दोनशे रुपयांत ती बसत नव्हती आणि चणाडाळीने भाजीला पुरेसा भरीवपणा आणला. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी जेवढी छान लागली तेवढी मला अपेक्षित नव्हती. आईने दुसऱ्यांदा घेतली आणि मुलाने बाजूला सारली, आणि दोन्ही गोष्टी आम्ही मान्य करून टाकल्या.

जूनच्या मध्यापासून पाटीतल्या भाज्या बदलत जातात. फोडशी गवतासारखी दिसते. तिचा पांढरा बुडखा काढून टाकून पाती माती जाईपर्यंत धुवावी लागतात, मग कांद्यावर परतून मूगडाळ घातली की सोपी आणि सौम्य भाजी होते. लहान मुलांना रानभाजीची ओळख करून द्यायची असेल तर सुरुवात हिच्यापासून करावी. टाकळ्याची अगदी कोवळी पाने घ्यावीत. जून पाने उग्र लागतात. भारंगी कडवट असते, म्हणून तिची पाने उकडून पाणी पिळून टाकतात आणि ती भिजवलेल्या वालाबरोबर शिजवतात. कुर्डूच्या पाल्याची चव माठाच्या जवळ जाते. कंटोली सर्वांना ठाऊक असल्यामुळे महाग असतात, आणि आमच्या रकमेत ती फक्त पाव किलो बसतात. काप करून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतली तर पाव किलो पाच जणांना तोंडी लावण्यापुरती पुरते. रानभाज्यांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पावसाळी सहलीत येऊरला किंवा घोडबंदर रोडच्या बाजूला दिसलेली, भाजीसारखी वाटणारी पाने स्वतः खुडून आणून शिजवू नयेत. एकसारख्या दिसणाऱ्या वनस्पतींपैकी कोणती खाण्याची आणि कोणती नाही हे ओळखायला अनेक वर्षांचा सराव लागतो, आणि तो या बायकांकडे आहे. त्यांना वाट्याचे जे पैसे द्यावे लागतात त्यात ही पारखही येते. म्हणून वीस रुपयांच्या भाजीसाठी त्यांच्याशी पाच रुपयांची घासाघीस करणे मला पटत नाही.

रानभाज्यांचा हंगाम संपला तरी बाजाराची उपयुक्तता कमी होत नाही, कारण भाजी येथे पाल्यासकट येते. पाकिटबंद भाजीत मुळा, बीट आणि फ्लॉवर यांचा पाला कापून टाकलेला असतो. येथे मुळ्याच्या जुडीला भरगच्च पाला असतो आणि एका जुडीत दोन भाज्या होतात. पाला बारीक चिरून, मीठ लावून पिळून, लसणीच्या फोडणीवर मूगडाळीबरोबर परतायचा, आणि मुळा किसून दह्यात कोशिंबीर करायची. दोडका घेतला तर शिरा किसून, तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर खरपूस भाजून चटणी होते. दुधीच्या सालीची तशीच. कोथिंबिरीच्या दांड्या वाटणात जातात. स्वस्त जेवणाचा विचार करताना आपण भावाकडे पाहतो आणि टाकून दिलेल्या भागाकडे पाहत नाही. जे विकत घेतले त्यातले किती ताटात आले, हा हिशेब मी आता भावाच्या आधी करतो.

किराण्याच्या दुकानांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या घरातला सर्वांत यशस्वी पदार्थ तिथूनच आला. येथील जुन्या दुकानांत कडधान्ये पोत्यांत उघडी मांडलेली असतात, हातात घेऊन पाहता येतात, आणि शंभर ग्रॅम मागितले तरी दुकानदार तोंड वाकडे करत नाही. कडवे वाल, गोडे वाल, कुळीथ, मटकी, चवळी, मसूर, हिरवे आणि पांढरे वाटाणे हे सगळे एका ओळीत दिसले की तूरडाळीवाचून काही अडत नाही हे लक्षात येते. आईचे माहेर पेणचे, त्यामुळे वालाच्या बिरड्याविषयी आम्ही सर्वांनी ऐकले होते, परंतु सोलण्याच्या कंटाळ्यापायी ते आमच्या घरी कधी झाले नव्हते. आईच्या पाळीला तिने तेच निवडले.

पाव किलो कडवे वाल साठ रुपयांच्या आसपास पडले आणि त्यात पाच जणांचे जेवण होऊन दुसऱ्या दिवशीच्या डब्यापुरते उरले. तयारी गुरुवारी रात्री सुरू करावी लागते. रात्रभर पाण्यात भिजवलेले वाल सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायचे. उकाड्यात दिवसभरात आणि थंडीत आणखी अर्धा दिवस घेऊन त्यांना मोड येतात. मग ते कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की साल सुटते, आणि अंगठा व तर्जनी यांत दाणा धरून हलकेच दाबला की पांढरी डाळिंबी मोडासकट सटकन बाहेर येते. पाच जणांनी एकाच परातीभोवती बसून हे काम केले तर ते लवकर आटोपते, आणि एकट्याने केले तर फार वेळ खाते. हा पदार्थ कुटुंबासाठीच आहे असे मला त्यामुळे वाटते. शिजवताना कुकर वापरू नये, डाळिंब्या फुटतात. पसरट पातेल्यात हिंग, जिरे, हळदीची फोडणी करून त्यावर कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याचे वाटण परतायचे, डाळिंब्या घालायच्या, वर ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायच्या, आणि डाव न घालता पातेले दोन्ही हातांनी धरून हलवायचे. आमसूल आणि गूळ डाळिंब्या मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबट पदार्थ आधी पडला तर कडधान्य शिजायला जास्त वेळ घेते. शेवटी ओले खोबरे. गरम भात आणि बिरडे एवढ्यावर त्या शनिवारचे जेवण झाले, आणि दोनशे रुपयांपैकी चांगली रक्कम शिल्लक राहिली.

तांदळाच्या बाबतीत दुकानदाराचा सल्ला ऐकावा. घावन, आंबोळी, इडली, डोसा किंवा मऊ खिचडी करायची असेल तर अख्ख्या तांदळाचे पैसे मोजण्याचे काही कारण नाही. तुकडा तांदूळ किंवा कणी त्याच पोत्याशेजारी बऱ्याच कमी भावात असते आणि पिठात वाटल्यावर तिच्यात आणि अख्ख्या दाण्यात फरक राहत नाही. भात म्हणून खायला मात्र वाडा कोलम घ्यावा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या या बारीक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण हे नाव इतर तांदळालाही लावले जाते, म्हणून नेहमीच्या ओळखीच्या दुकानातून आणि थोड्या प्रमाणात शिजवून पाहूनच पुढची खरेदी करावी. नाचणीही येथे सुटी मिळते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे कोणत्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. पत्नीने तिच्या पाळीला कणी, उडीद आणि नाचणी एकत्र वाटून केलेल्या आंबोळ्या आता आमच्या घरी रविवारचा नाश्ता झाल्या आहेत. मुलांनी पहिल्या दिवशी रंगाबद्दल तक्रार केली आणि दुसऱ्या आंबोळीला ती विसरली.

जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी महागते, आणि मांसाहारी घरांत सुकी मासळी बाहेर निघते. चेंदणी आणि महागिरी हे कोळीवाडे ज्या शहरात आहेत तिथे सुका जवळा आणि बोंबील मिळायला अडचण नाही. ही खरेदी मी भाजीबाजाराबाहेर, ओळखीच्या कोळीणबाईंकडे करतो, म्हणून ती या परीक्षणात मोजत नाही. पण जवळ्याला लागणारा कांदा, कोकम, ओली मिरची आणि लसूण जांभळी नाक्यावरूनच येतो. जवळा कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून, पाखडून, मग धुऊन घेतला आणि भरपूर कांद्यावर परतला की भाकरीबरोबर पाच जणांना शंभर रुपयांच्या आत जेवण होते.

भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला येथे एक वेगळीच सोय दिसते. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्या लागतात, आणि अळू, माठ, अंबाडी, सुरण, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, शिराळे, मक्याचे कणीस अशा अनेक भाज्यांचे थोडेथोडे तुकडे एकत्र करून एकच वाटा विकायला ठेवतात. वेगवेगळे घ्यायला गेलो तर या सगळ्याचा खर्च कित्येक पटींनी वाढला असता आणि अर्धी भाजी घरात पडून राहिली असती. भाजीत मीठ, मिरची आणि चिंच याखेरीज फारसे काही नसते, तेलही अनेक घरांत नसते, आणि तरी प्रत्येक भाजीची चव वेगळी लागते. व्रत करणाऱ्या घरांपुरताच हा पदार्थ मर्यादित ठेवू नये. अळू मात्र शेवळांसारखेच आधी नीट शिजवून घ्यावे.

आता उणिवा. वजनाकडे लक्ष ठेवावे लागते. बहुसंख्य विक्रेते सचोटीचे आहेत, परंतु एका विक्रेत्याकडून घेतलेली दोन किलोची भाजी घरच्या काट्यावर बरीच कमी भरली, आणि तेव्हापासून काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का आहे का, आणि भाजी ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, हे मी पाहून घेतो. कोणी त्यावर वाद घातला तर तिथून घेत नाही. गर्दी ही दुसरी मोठी गैरसोय. गल्ल्या अरुंद आहेत, हातगाड्या, दुचाकी आणि टेम्पो एकाच वेळी वाट काढत असतात, आणि वृद्ध माणसांना किंवा कडेवर मूल असलेल्यांना संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत येथे फिरणे त्रासाचे होते. आईला आम्ही सकाळीच नेतो. पावसात पायाखाली भाजीचा पाला आणि चिखल एक होतो, म्हणून घसरणाऱ्या चपला घालून जाऊ नये. गाडी उभी करायला जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात निम्मी खरेदी होते. स्थानकापासून चालत जाणे किंवा बसने येणे हाच शहाणपणा.

कापून ठेवलेल्या भाज्या, सोललेला लसूण आणि निवडलेल्या मिश्र भाज्यांची पाकिटे यांची मी शिफारस करणार नाही. ती कधी कापली हे कळत नाही, भाव जवळजवळ दीडपट असतो, आणि पाल्या-सालींचा जो फायदा वर सांगितला तो पूर्ण जातो. काही गोष्टी येथे मिळत नाहीत किंवा मला तरी मिळालेल्या नाहीत. हिवाळ्यात मुलाला घरी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, करायची होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी सगळे मिळाले, पण रायगडात पोपटीच्या मडक्याला आतून लावतात तो भांबुर्डीचा पाला या बाजारात सापडला नाही. आम्ही केळीचे पान आणि भरपूर ओवा वापरून जाड बुडाच्या पातेल्यात शेंगा वाफवल्या. चव चांगली होती. मात्र तिला पोपटी म्हणायला आईने साफ नकार दिला.

गावदेवी परिसरातली मंडई आणि नौपाड्यातले भाजीवाले यांच्याशी तुलना केली तर तिथे भाजी अधिक निवडक, स्वच्छ मांडलेली आणि थोडी महाग असते. रोजच्या चार भाज्यांसाठी, विशेषतः नोकरीवरून परतताना, तीच जागा सोयीची आहे. कांदा-बटाटा-लसूण महिन्याभराचा एकदम घ्यायचा असेल आणि शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घेण्याची तयारी असेल, तर वाशीचा घाऊक बाजार अधिक स्वस्त पडतो, पण जाण्यायेण्याचा खर्च धरला तर एकट्या कुटुंबाला ते परवडत नाही. घरपोच सेवांचा उपयोग आजारपणात आणि मुसळधार पावसात निर्विवाद आहे. ज्या दिवशी काय शिजवायचे हे ठरलेले नसते आणि नवीन काही सुचायला हवे असते, त्या दिवशी मात्र जांभळी नाक्यालाच जावे.

जाण्याची वेळ हेतूनुसार ठरवावी. रानभाज्या आणि ताजा पाला सकाळी आठच्या आत. उशीर झाला तर शेवळे आणि फोडशी संपलेली असते. टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी यांचा भाव रात्री साडेआठनंतर उतरतो, कारण माल परत न्यायचा नसतो, आणि दुसऱ्याच दिवशी वापरायचे असेल तर ही खरेदी फायद्याची ठरते. किराणा दुपारी घ्यावा, तेव्हा दुकानदाराला बोलायला सवड असते आणि कोणत्या वालाला लवकर मोड येतात, कोणता कुळीथ जुना आहे, हे तो स्वतःहून सांगतो. दुकानांतून मोबाइलवरून पैसे देता येतात, पण पाटी घेऊन बसलेल्या बहुतेक बायकांकडे ती सोय नसते, म्हणून दहा-वीस रुपयांच्या सुट्या नोटा, दोन कापडी पिशव्या आणि ओल्या पाल्यासाठी एक जुना पंचा बरोबर ठेवावा.

एकूण दर्जा म्हणून मी या बाजाराला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण गर्दीचा आणि वजनकाट्यांचा कापला आहे. येत्या शनिवारी निवडण्याची पाळी मुलाची आहे आणि त्याने कुळथाचे पिठले आणि अंबाडीची भाकरी असे दोन पदार्थ सांगून ठेवले आहेत.